मास्तरांचं ‘काही नाही’

मास्तरांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: “काही नाही.” घराला आग लागली असती तरी ते म्हणाले असते, “काही नाही, जरा ऊब आलीय.” हे त्यांच्या बायकोचं मत. मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती जन्मभर काजं-बटणं करत आलेली, त्यामुळे असं मत बाळगायचा तिला पुरेपूर हक्क होता.

मास्तर म्हणजे कटिंगमास्तर. टेबलावर कापड पसरायचं, चपटा खडू चिमटीत धरून रेघा मारायच्या, कात्री चालवायची. पायांना सूज आली, “काही नाही, उभं राहून आली.” तोंडाची चव गेली, “काही नाही.” शेवटी दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले, तेव्हा कळलं ‘काही नाही’ म्हणजे काय काय असतं ते! डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातले काही दिवस यंत्राला जोडून घ्यायचं, उरलेले दिवस टेबलाशी उभं राहायचं. अशी वर्षं गेली. मग अंगाला खाज सुटली, हाडं ठणकायला लागली, जिना चढताना मास्तर कठड्याला लोंबकळायला लागले. मास्तरीणबाईंनी विचारलं, काय होतंय. उत्तर तुम्हाला माहीत आहेच.

डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, “गळ्यात थायरॉईडच्या मागे मसुरीएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड. मूत्रपिंडं गेल्यामुळे त्या फुगल्यात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून काढताहेत. औषधांना दाद देत नाहीत. ऑपरेशन करू या, नाहीतर एक दिवस नुसतं ठेचकाळून हाड मोडेल.”

नणंदेने फोनवरूनच निकाल दिला, “थायरॉईड तर मलाही आहे वहिनी! रोज एक गोळी घेते. कापाकापी कशाला?”

“ताई, ते थायरॉईड नाही, त्याच्या शेजारचं आहे!” बाईंनी कपाळाला हात लावला.

मास्तर तर गळ्याला सुरी लावू द्यायला तयारच नव्हते. सर्जन म्हणाले, “साडेतीन ग्रंथी काढू, अर्धी आत ठेवू, पुढे कामाला यावी म्हणून.” तेव्हा कुठे मास्तरांचा चेहरा खुलला.

“म्हणजे शिलाईच्या आत थोडं कापड सोडायचं. काही नाही, करून टाका.”

बायकोने समजावून समजावून घसा कोरडा केला ते गेलं पालथ्या घड्यावर, आणि हे एका वाक्यात पटलं!

ऑपरेशन नीट पार पडलं. सर्जनांनी दोघांनाही बजावलं, “आता उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेणार. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या की लगेच सांगायचं. कॅल्शियम फार उतरलं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. जिवावर बेतेल.” मास्तरांनी मान हलवली. बाईंना वाटलं, ह्या माणसाचा जीव ह्याच माणसाच्या बोलण्यावर टांगलेला! त्यापेक्षा भिंतीला विचारलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी त्या सारख्या विचारत राहिल्या. “मुंग्या?” “काही नाही.” दुपारी सिस्टर रक्तदाब बघायला आली. डावा हात डायलिसिसच्या सुयांचा, म्हणून पट्टा उजव्या हाताला बांधला. यंत्र कुठेतरी अडलं, पट्टा फुगलेलाच राहिला, आणि सिस्टर मान खाली घालून बटणांशी खटपट करायला लागली. बाईंची नजर मास्तरांच्या हाताकडे गेली. मनगट वाकलेलं, बोटं सरळ जुळलेली, अंगठा आत. अगदी खडू धरल्यासारखा.

बाईंचं डोकंच सणकलं. “अहो, इथे कुणाचा कोट बेतताय? चार दिवस दुकान सुटत नाही का? खाली करा तो हात!”

“मी कुठे करतोय? आपोआप वळलाय.”

“आपोआप? आणि मुंग्या?”

“सकाळपासून ओठांना जरा, बोटांनाही... शिंप्याच्या बोटांना येतातच गं. काही—”

“‘नाही’ म्हणालात तर याद राखा!”

सिस्टरने वळून हात पाहिला, “कॅल्शियम उतरलंय, म्हणून वळलाय हात!” म्हणत पट्टा सोडला आणि डॉक्टरांना बोलवायला धावली. शिरेतून कॅल्शियम सुरू झालं, ठोके बघायला छातीला तारा लागल्या. बाई दाराशी उभ्या राहून पिशवीचा बंद पिळत नवऱ्याला मनातल्या मनात लाखोली वाहत होत्या. मेलं ते ‘काही नाही’! हा माणूस असं म्हणता म्हणता खरंच नाहीसा झाला तर भांडायचं कुणाशी? संध्याकाळी मुंग्या थांबल्या आणि हात सैल झाला, तेव्हा त्या खाली बसल्या.

घरी आल्यावरही कॅल्शियमच्या गोळ्या चालूच होत्या. मास्तर हळूहळू पुन्हा टेबलाशी उभे राहायला लागले. गळ्यात टेप, टेपखाली नवी बारीक शिवण. एकदा ते गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते आणि बाई आत बटण लावत होत्या. बाहेरून हाक आली.

“अगं, ऐकलंस का? ओठांना मुंग्या येताहेत.”

बाईंच्या हातातली सुई पडली. गोळी आणि पाणी घेऊन त्या धावल्या, गोळी मास्तरांच्या तोंडात कोंबली आणि गिऱ्हाइकासमोरच स्टुलावर बसून ढसाढसा रडायला लागल्या.

“तुला गं काय झालं?” मास्तर घाबरले.

“काय व्हायचंय? एवढं एक वाक्य बोलायला तुमचा गळा कापावा लागला!”