पडली तर उचलायची कोणी?

सकाळी सातला हर्सूलच्या आमच्या सोसायटीतून निघाले आणि गेटावरच गाडी बंद पाडली. साडेतीनशे सीसीची, काळी, दोनशे किलोची गाडी. मालक म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका. त्यांनी ती विकायला काढली होती. "ज्योती, क्लच हळू सोडायचा, फेकायचा नाही!" असं ते इतक्या जोरात ओरडले की दूधवाल्यानंही मान वर केली.

चौदा वर्षं मी बिडकीनच्या शाळेत गणित शिकवायला शंभर सीसीच्या गाडीवरून जाते. पैठण रोडला शेजारून ट्रक गेला की ती आणि मी, दोघी हलतो. मोठ्या गाडीचं वेड डोक्यात शिरून दोन वर्षं झाली, पण काही केल्या ठरेना. शेवटी काकांनीच एका दिवसासाठी किल्ली दिली. "म्हैसमाळला जाऊन ये आणि संध्याकाळी काय ते सांग. उद्या जालन्याचं गिऱ्हाईक येतंय. पण एक ऐक. पडली तर एकटीला उचलता आली पाहिजे. नाही आली, तर घेऊ नकोस."

काका हे उगाच बोलत नव्हते. दिवाळीत पार्किंगमध्येच गाडी आडवी झाली, त्यांना उचलेना, उलट कंबरेत उसण भरली. तिघांनी येऊन ती उभी केली. त्यानंतर सत्तरीतला हा हौशी माणूस तिच्यावर बसलाच नाही. रोज सकाळी फडक्यानं पुसायचा तेवढी.

दिल्ली गेट, छावणी, पडेगाव अशी निघाले. शहरात मी अगदी गरीब गाय होते. दौलताबादच्या जुन्या दरवाजातून समोरून एसटी आली, तेव्हा मी चक्क देवाचं नाव घेतलं. पण पुढं घाट लागला आणि आई शप्पथ, काय मजा आली म्हणून सांगू! माझी लहान गाडी इथं दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते. ही तिसऱ्यावर गुणगुणत निघाली. वळणामागून वळण येत होतं, खाली किल्ला लहान होत होता आणि मी हेल्मेटच्या आत एकटीच मोठमोठ्यानं हसत होते. वरच्या वळणापर्यंत माझं ठरलं होतं. घ्यायची म्हणजे घ्यायचीच!

खुलताबादला भज्यांचा वास आला म्हणून एका गाड्यापाशी थांबले. थांबले कसली! खाली सैल मुरूम होता, उतार होता. उजवा पाय टेकवला तो सरकला, आणि गाडी शांतपणे, अगदी सावकाश, उजवीकडे झोपली. मी बाजूला उडी मारली. खरचटलंसुद्धा नाही. उजवा आरसा मात्र तडकला.

आपल्याकडं गाडी पडली की माणसं बोलवावी लागत नाहीत. पाच-सहा जण धावलेच. "ताई, लागलं का?" म्हणेपर्यंत चौघांचे हात हँडलला. मी ओरडले, "थांबा! कुणी हात लावू नका!"

हात मागं आले. एक जण म्हणाला, "ओ ताई, म्हैस हाय ती. तुमच्यानं उठायची नाय."

"मला ही विकत घ्यायचीय. एकटीनं उचलली तरच घेणार."

भजी तळणाऱ्या मावशींनी झारा हातात घेऊनच हुकूम सोडला, "सरका रं मागं! बाई म्हणतीय तर उचलू द्या की."

किल्ली बंद केली, हँडल धरलं, ओढलं. गाडी वीतभर उठली आणि परत बसली. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. घामानं डोळे चुरचुरायला लागले. घाटातलं सगळं हसू गेलं. मनात आलं, बाईसाहेब, आपली शंभर सीसीच बरी.

बाकड्यावर भजी खात बसलेले एक म्हातारे उठले. डोक्याला टॉवेल, खांदे रुंद. "ताई, असं नसतंय उचलत. मोंढ्यात सारी उमर धान्याची पोती वाहिली म्या. हातानं वढलं की कंबर जाती. पाठ करा तिच्याकडं. सीटला टेकून बसा खाली. आता पायानं उठा, अन् मागं मागं सरका."

आडव्या गाडीचं स्टँड आधी उघडून ठेवलं. पाठ टेकली, एका हातात हँडल, दुसऱ्यात मागची दांडी. "कंबर नाय, पाय!" बाबा म्हणाले. मांड्या थरथरल्या, पाऊलभर मागं, आणखी पाऊलभर, आणि एकदम ओझंच संपलं. गाडी स्टँडवर उभी!

मी वेड्यासारखी ओरडले. मावशींनी टाळ्या वाजवल्या. म्हैस म्हणणारा बोलला, "लई भारी, ताई!" बाबांना चहा पाजला, तर म्हणाले, "दोन भजी पण सांगा." सांगितली.

मग म्हैसमाळ गाठलं. पठारावर वारा सुटला होता. तिखट-मीठ लावलेलं कणीस खाल्लं आणि दहा वेळा मागं वळून गाडीकडं बघितलं. आता ती जरा कमी उंच वाटत होती. उतरताना खुलताबादला मावशींनी झारा हलवला, मी हॉर्न दिला.

चार वाजता काका गेटावरच उभे होते. त्यांची नजर आधी आरशावर गेली.

"पडली?"

"पडली. आरसा माझ्याकडून."

"किती जणांनी उचलली?"

"एकीनं."

सगळं सांगितलं. काका ऐकत होते. मग हळूच उभ्या गाडीकडं पाठ करून सीटला टेकले, गुडघे थोडे वाकवले आणि तसेच राहिले.

"पायानं होय? चाळीस वर्षं गाड्या चालवल्या, कुणी बोललं नाही गं. मी समजलो, वय झालं."

झालं! आता हे विकायचे नाहीत! आणि त्यांचा तो चेहरा बघून मला 'विका' असं म्हणवेना. मी किल्ली पुढं केली. "काका, मग तुम्हीच ठेवा."

त्यांनी किल्ली घेतली, तळहातावर फिरवली आणि माझ्या हातात परत कोंबली. "कंबर गेली ती गेली. जालन्याला फोन करतो, नको म्हणून. पण मागची सीट माझी. रविवारी त्या मावशींकडं भजी खायला न्यायचं."

"चढता येईल का? उंच आहे."

"आत्ताच बघू की," म्हणत त्यांनी माझा खांदा धरला आणि पाय टाकला.