न मागितलेला आठवडा

दोन वर्षं माझ्या पगाराच्या स्लिपवर एक ओळ जास्तीची छापून येत होती: कोर्ट रिकव्हरी. पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा माझ्या हातात येण्याआधीच वळता व्हायचा. पैसे जायचे त्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त बोचायचं ते हे, की आमच्या कॅश सेक्शनमधल्या त्यागीजींना दर महिन्याला ती ओळ स्वतःच्या हाताने भरावी लागायची. म्हणजे सबंध ऑफिसात एका माणसाला तरी माझी इज्जत नेमकी किती उरली आहे ते रुपये-पैशांत ठाऊक होतं. जिन्यात ते दिसले की मी पदर नीट करायच्या निमित्ताने मान वळवत असे. त्या काळात मी दर गुरुवारी दत्त महाराजांचा उपास करत होते आणि खरं सांगायचं तर महाराज ऐकतात यावरचा माझा विश्वास पार उडाला होता. उपास सोडायचं धाडस नव्हतं म्हणून चालू होता, एवढंच.

लग्न होऊन मी नाशिकहून दिल्लीला आले त्याला चोवीस वर्षं झाली. केंद्र सरकारच्या एका ऑफिसात कारकून आहे, आर. के. पुरममध्ये क्वार्टर आहे. यांचा गाझियाबादला लग्नपत्रिका छापण्याचा छोटा छापखाना होता. कर्ज मिळायला पगाराची स्लिप लागते आणि ती घरात फक्त माझ्याकडे होती, म्हणून नव्या मशीनसाठी दोन्ही कर्जं माझ्या नावावर काढली. मोठं बँकेचं, छोटं एका फायनान्स कंपनीचं. मग महामारी आली, लग्नं बंद झाली, आणि जी झाली त्यांच्या पत्रिका लोकांनी फोनवरच धाडल्या. मशीन भंगाराच्या भावात गेली. हे घरी बसले ते बसलेच. दिवसभर एकच पेपर पुन्हा पुन्हा वाचायचे.

आता माझी चूक सांगते. बँकेची पाकिटं येऊ लागली तेव्हा मी ती न फोडता देवघरात नेऊन महाराजांच्या तसबिरीमागे ठेवत गेले. वर हात जोडून म्हणायचे, तुमच्या पायाशी ठेवलंय, आता तुम्हीच बघा. याला मी शरण जाणं समजत होते, आणि मनातून जरा अभिमानही वाटायचा की बघा माझी श्रद्धा केवढी. त्या पाकिटांतच कोर्टाचं समन्स होतं. तारखा येऊन गेल्या, मी हजर नाही, निकाल एकतर्फी लागला आणि जप्तीचा हुकूम थेट ऑफिसात पोहोचला. महाराजांना इंग्रजी पत्रं वाचायला बसवून मी स्वतः स्वयंपाकघरात निर्धास्त कांदा चिरत होते.

दुसरं कर्ज राहिलंच होतं. वसुलीच्या दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात लेकीला फिजिओथेरपीच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता. फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर सोबत आईचं नाव लागणार, आणि आईचं नाव तर असं बरबटलेलं. इतक्यात फायनान्स कंपनीतून फोन आला की सेटलमेंट करा, अर्धीच रक्कम तीन हप्त्यांत भरा, विषय संपला. मला वाटलं महाराजांनी अखेर दार उघडलं. एका हप्त्याचे पैसे कसेबसे जमवले आणि ऑफरच्या शेवटच्या दिवशी, एका मंगळवारी, रजा टाकून गाझियाबादला गेले.

टेबलापलीकडे पन्नाशीचे एक गृहस्थ होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सगळे कागद तयार होते. मला सांगायचं होतं की आज माझ्याकडे एकाच हप्त्याचे पैसे आहेत, हे घ्या, बाकीच्या दोन्हींची सोय व्हायची आहे. पण तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. पाकीट पुढे करून एवढंच म्हणाले, "भाईसाहब, बस एक हप्ता..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोन उचलून वरच्या साहेबांशी काहीतरी बोलले, फायलीवर खूण केली आणि पाकीट माझ्याकडे परत सरकवलं. "रोइए मत, बहनजी. एक हफ़्ता दिया आपको. अगले मंगलवार को आकर साइन कर देना, पैसे भी तभी।"

हिंदीत हफ़्ता म्हणजे आठवडा. इतक्या वर्षांत 'किस्त' हा शब्द मी हजार वेळा बोलले असेन, पण ऐन वेळी घरातला शब्द तोंडातून निघाला. चूक मला तिथल्या तिथे कळली, पण दुरुस्त करायला आवाज फुटेना, आणि मागे रांग होती. मी पाकीट घेऊन बाहेर आले. मेट्रोत खिडकीकडे तोंड करून रडले आणि महाराजांना मनात नको नको ते बोलले. मागून मागून काय मागितलं होतं, तर माझे पैसे घ्या म्हणून. तेवढंही कुणाला धड ऐकू येऊ नये.

दोन दिवसांनी, गुरुवारी, त्यागीजींनी बोलावून घेतलं. आणखी तीन महिन्यांत कोर्टाची वसुली पूर्ण होईल, असा हिशेब त्यांनी दाखवला. सुटकेच्या भरात मी बोलून गेले की दुसरंही पुढच्या आठवड्यात सेटल करतेय, मग लेकीच्या शिक्षणाचं कर्ज काढता येईल. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सेटल लिखवाएँगी या क्लोज़?"

"एक ही बात है ना?"

"एक बात नहीं है, मैडम. सेटल माने आधा देकर पीछा छुड़ाया. बरसों रिकॉर्ड में रहेगा. बिटिया के लोन के लिए जाएँगी तो बैंकवाला सबसे पहले वही देखेगा।" मग फायलीकडे बघत म्हणाले, "मेरे बेटे का नहीं हुआ था।"

ज्या माणसाला चुकवत मी दोन वर्षं जिने चढले-उतरले, त्याने आपल्या घरातली दुखरी गोष्ट माझ्यासमोर मांडली होती. आपल्या भाषेत हा फरक किती स्वच्छ आहे. भांडण मिटतं, कर्ज फिटतं. मी फेडण्याऐवजी मिटवायला निघाले होते, आणि मंगळवारी माझे पैसे घेतले गेले असते तर ते मिटूनही गेलं असतं.

त्या संध्याकाळी उपास सोडण्याआधी मी तसबिरीमागची सगळी पाकिटं काढली आणि यांच्यापुढे ठेवली. किती होती ते बघून हे घाबरले. आम्ही दोघांनी एकेक फोडून वाचलं. लग्नानंतर इतका वेळ शेजारी बसून आम्ही काही वाचलं नव्हतं. त्यात फायनान्स कंपनीचं वर्षापूर्वीचं पत्र निघालं: पूर्ण रक्कम चोवीस महिन्यांत विभागून भरण्याची तयारी असल्यास कळवावे. वर्षभर ते पत्र महाराजांच्या पाठीशी होतं आणि मी पुढे उभी राहून आरती करत होते. यांनी ते पत्र वेगळं काढून ठेवलं. मग म्हणाले, "मला कुठे तरी हिशेब लिहायचं काम मिळतं का बघतो."

मंगळवारी ते पत्र घेऊन मी पुन्हा त्याच टेबलापुढे बसले. पूर्ण रक्कम भरायची आहे, असं सांगितलं. गृहस्थ गोंधळले, म्हणाले, आधी आठवडा मागता आणि आता दुप्पट भरायला तयार होता. मग मी त्यांना हप्त्याचा मराठी अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मतलब आप किस्त दे रही थीं और मैंने लौटा दी? उस दिन ले लेता तो शाम तक सेटलमेंट चढ़ जाता, बहनजी. फिर कोई नहीं उतार सकता था।" साहेबांना दोनदा फोन करून त्यांनी ते जुनं पत्र मान्य करून घेतलं. त्या दिवशी त्यांच्या कानाने चूक केली की माझ्या जिभेने, की आणखी कुणी, यावर मी वाद घालत नाही. जे झालं ते सांगितलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्या वर्षी कुठलीच बँक मला दारात उभं करेना. लेकीचा प्रवेश गेला. ती एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर लोकांची नावं लिहून घेऊ लागली. तिच्या बरोबरीच्या मुली पुढे गेल्या आणि ती काहीही म्हणाली नाही, हेच मला जास्त लागलं. कर्ज छापखान्यापायी झालं म्हणून वडिलांशी मात्र तिचं बोलणं थांबलं. जेवण वाढलंय, किल्ली कुठे आहे, एवढंच. बाबा ही हाक तर मी विसरलेच होते. हे एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागले आणि पगार आणून मुकाट्याने माझ्या हातात देत. छोट्या मुदत ठेवीवर मी एक क्रेडिट कार्ड घेतलं. त्यावर फक्त दूध आणि भाजी घ्यायची आणि तारखेच्या आत सगळं भरायचं. नाव परत कमवायला इतकं बारीक बारीक काम करावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कित्येक गुरुवारी मी तसबिरीपुढे बसून काहीच मागत नसे. जे माझ्याच्याने होणार आहे ते केलंय, उरलेलं तुमचं, एवढंच म्हणायचे आणि उठायचे. शरण जाणं ते हेच असावं, असं आता वाटतं. पण तेव्हा ते भक्तीसारखं वाटत नव्हतं, नुसता थकवा वाटायचा.

दोन वर्षांनी तिला पुन्हा प्रवेश मिळाला. माझ्या आईने दिलेल्या पाटल्या गहाण ठेवायला घेऊन आम्ही बँकेत गेलो. कर्ज बघणाऱ्या बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. "पुराना रिकॉर्ड तो अच्छा नहीं है," त्या म्हणाल्या, आणि मी डोळे मिटले. "पर सब क्लोज़्ड है. पूरा भरा है आपने. पिताजी के भी साइन लगेंगे, वो नहीं आए?"

हे आले होते. पण बँकेच्या पायऱ्यांवरच थांबले होते. आधीच म्हणाले होते, "माझं पाऊल आत नको. तुमचं काम होऊ दे." मी उठणार तोच लेक उठली. काचेच्या दारातून मला दिसत होतं. ती काहीतरी बोलली, यांनी मान हलवली, ती पुन्हा बोलली आणि मग तिने त्यांचं कोपर धरलं. आत आल्यावर सही कुठे करायची ते त्यांना उमगेना. तिने कागदावर बोट ठेवलं. "इथे, बाबा."

इतकी वर्षं मी कर्ज फिटू दे म्हणून साकडं घालत होते. हे मागायचं तर मला सुचलंही नव्हतं. यांच्या सहीखाली मी माझी सही केली आणि तिथेच, खुर्चीवर बसल्या बसल्या, मनातल्या मनात महाराजांच्या पाया पडले.