ताईबाईचे बिबडे आणि गल्लीचे हात

शिंदखेड्याच्या त्या गल्लीत ताईबाईला हवामान खात्यापेक्षा जास्त मान होता, आणि तो सर्वस्वी फुकटचा होता.

चैत्र लागला की बायका बिबडे घालायला घेतात. ज्वारी भिजवायची, वाळवून भरडायची, लसूण, मिरची, तीळ घालून पहाटे मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या धोतरावर पापडासारखा पातळ थापून वाळवायचा. घाटा गरम आहे तोवरच थापला जातो, थंड झाला की त्याचा दगड. म्हणून हे एकटीचं कामच नव्हे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, असे सगळ्या गल्लीचे हात फिरतात. मजुरी एकच: वाटीभर गरम घाटा, वर कच्चं तेल.

ताईबाईचे बिबडे कधी अवकाळीत सापडले नाहीत. शेजारच्या बेबाबाईचे दोनदा भिजले. गल्लीने ठरवून टाकलं, ताईबाईला आभाळातलं कळतं. तिला कसलं कळतंय! ती एवढंच बघायची, की आज कुणी ज्वारी भिजवलेली नाही ना? मग आपली भिजवायची. साहजिकच गल्लीतल्या आठही घरच्या बायका तिच्या गच्चीवर, ऊन चढायच्या आत काम फत्ते, आणि संध्याकाळी पाऊस आलाच तर बिबडे घरात. पण आयता मान कोण नाकारतो? "गुडघा सांगस माले," असं ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची.

गेल्या वर्षी हाच गुडघा नडला. सुरतेला दिलेली लेक मयुरी पहिल्यांदा गरोदर होती. अन्न पोटात ठरेना, डोहाळे एकच, आईच्या हातचे बिबडे. दोन दिवस येणार आणि डबा भरून नेणार. गल्ली आता तिचं बघूनच ज्वारी भिजवायला टपलेली, म्हणून ताईबाईने गुपचूप मागच्या मोरीत ज्वारी पाखडायला घेतली. पण सुपाचा आवाज काय मोरीत लपतो? भिंतीपलीकडून बेबाबाईने ऐकला, आणि दिवेलागणीपर्यंत आठही घरांत ज्वारी भिजत पडली.

व्हायचं तेच झालं. ठरल्या पहाटे आठ गच्च्यांवर आठ पातेली, आणि प्रत्येक पातेल्याशी एकेकटी बाई. ताईबाई हाक मारायला गेली तर बेबाबाई तिच्यावरच उखडली. "अक्का, मना बी घाटा चुल्हावर शिजी ऱ्हायना, मी कशी येऊ? तूच ये ना मना घर!"

मयुरी नवऱ्याबरोबर आदल्या रात्रीच्या गाडीने आली होती, पण तिला वाकता येईना. मग ताईबाईने आपल्या नवऱ्याला, लोटनभाऊंना थापायला बसवलं. त्यांनी थापले ते बिबडे सोडाच, त्यांना भाकरी म्हणणं म्हणजे भाकरीचा अपमान. शेवटी ताईबाईचं डोकं फिरलं. चुलीतली लाकडं ओढून ती तरातरा बेबाबाईच्या गच्चीवर गेली. "चाल, तुना तरी व्हऊ दे!"

गल्लीने पाहिलं. अक्काने चूल विझवली, म्हणजे त्यात काहीतरी असणार! सहाही जणी चुली विझवून मागोमाग बेबाबाईकडे. तिचं काम बघता बघता उरकलं. मग दुसरीकडे, मग तिसरीकडे; त्यांचा घाटा अर्धकच्चाच होता, पाळी आली की चूल पुन्हा पेटवायची. ताईबाईचा नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती आणि तिच्या घाट्यात उलथनं विटेवर उभं राहिल्यासारखं उभं होतं.

ताईबाई जिन्यावर बसली आणि खरोखर रडली. साऱ्या गल्लीचे झाले, पण लेकीचा डबा कोरा. मयुरीने हात धरला तर आणखीच हुंदका आला.

संध्याकाळी बेबाबाई ताट घेऊन आली. मग दुसरी, मग तिसरी. कुणाचे जाड, कुणाचे खारट, पण डबा झाकण लागेना इतका भरला. मयुरी तिथेच बसून कुडुमकुडुम खायला लागली. ताईबाईला राहवेना. सगळ्यांसमोर तिने सांगून टाकलं, "माय वं, गुडघाले काय बी कळत नही. बाकीन्या भिजाडतीस नही, तवय मी भिजाडस. बस्स."

बेबाबाईने पदर सावरला. "मंग पुढला साले कवय भिजाडशी?"

"तू भिजाडशी नही तवय!"

सगळ्या खो खो हसल्या आणि ते वाक्य नीट लक्षात ठेवून घरी गेल्या.

यंदा वैशाख सरत आला तरी गल्लीत ज्वारीचा दाणा भिजलेला नाही. आपण भिजवली आणि तेवढ्यात दुसरीनेही भिजवली तर? तिकडे सुरतेला मयुरीचा डबा कधीच संपला, आणि इकडे आठ बायका आठ उंबऱ्यांवर बसून एकमेकींच्या दारांकडे टक लावून आहेत.