लाहेची वाट

मोलगीकडच्या पाड्यावर आमचे हे शाळामास्तर होते. वाऱ्यानं आमच्या घराचं छप्पर उडवलं तेव्हा मुलीचं बारसंही झालं नव्हतं. शाळेच्या पडवीत तिला घेऊन बसलेली मी, आणि वर आभाळ भरत चाललेलं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

डोंगरातली रीत अशी, की घर उभारायचं म्हटलं की सगळा पाडा लाहेला येतो. मजुरी नाही, नुसतं जेवण. आज तुझं घर, उद्या माझं. पण शेजाऱ्याकडे लाह होती नेमक्या त्याच दिवशी मला कळा सुरू झाल्या, आणि हे गेलेच नाहीत. आता छपरासाठी हे घरोघर निरोप देऊन आले, पण त्याला कोण धूप घालणार?

शहाद्याहून माझा थोरला भाऊ भाचीला बघायला आला होता. त्याला इंग्रजी पुस्तकांचं भारी वेड. मला ऐकवत बसला की निष्ठा बिष्ठा काही देवानं दिलेली नाही, ती कळपात जन्मली. माणूस माकड होता तेव्हापासूनचा हा व्यवहार. साथ देईल त्याला साथ, नाही तर कळपाबाहेर. "तुन्हा मालक गया नही ना? मंग वाट देखू नको."

"तुन्हा माकडे ऱ्हाऊ दे, दादा! पहिले ते दूध उतार, उतू जाई ऱ्हायनं!"

खेकसले खरी, पण त्याचं पटत होतं म्हणूनच जास्त चिडले होते. हंडाभर डाळ शिजून तयार. ऊन डोक्यावर आलं तरी वाटेवर कुत्रंसुद्धा नाही. मी उठे, बसे, परत उठे. पोर रडून रडून लाल झालेली. उद्या पाऊस आला तर हिला कुठं ठेवू?

आणि मग रानाच्या बाजूनं माणसं दिसली. खांद्यावर बांबू. आमच्यासाठी तोडत बसले होते, म्हणून उशीर! सगळ्यांत पुढे तोच शेजारी.

दादाला राहवलं नाही. "अहो, मास्तर तर तुमच्याकडे आले नव्हते!"

शेजाऱ्यानं बांबू खाली टाकला, घाम पुसला, आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "नाही आला. मग आम्ही पण नाही आलो, तर तो कधी येईल?"

मला रडूच फुटलं. दादा बांबूचं एक टोक उचलून चालू लागला.

छप्पर चढल्यावर हातावरचे फोड बघत त्यानं हळूच विचारलं, "पुढली लाह कोनाघर शे, व बाई?"