चादरीचा काठ आणि सलीमभाई

१४ जून. दुपारची भांडी आवरली. आता सलीमभाईंचा फोटो पोस्टच्या चौकोनात बसवायचा आहे. उद्या त्यांचा स्टुडिओ कायमचा बंद होतोय, ते लेकीकडे हैदराबादला राहायला चाललेत. आमच्या व्यापारी महिलांच्या पेजवर निरोपाची पोस्ट टाकायचं काम माझ्याकडे आलं. अडचण एवढीच की आयुष्यभर लोकांचे फोटो काढलेल्या या माणसाचा स्वतःचा धड एक फोटो नाही. चादरींच्या प्रदर्शनातला एक सापडला. मध्ये चादर, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती ताणून धरलेले सलीमभाई. चौकोन लावला की त्यांचा अर्धा चेहरा जातो.

अशाच कापाकापीतून आमची ओळख झाली. घरचे माग बंद पडल्यावर मी मोबाईलवरून चादरी विकू लागले. अख्खी चादर अंथरायची, फोटो काढायचा, टाकायचा. पोस्टमध्ये त्या लांब फोटोचा चौकोन होताना दोन्हीकडचे काठ गायब. हिरवी म्हणून मागवलेली चादर लाल काठाची निघाली की बायका पार्सल परत पाठवायच्या. दिवाणाखाली पार्सलं मावेनात. शेवटी हे बंद करून कुठेतरी नोकरी धरायची ठरवली आणि पासपोर्ट फोटोसाठी इथल्याच बेगम पेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत गेले.

बोलता बोलता मी मोबाईल पुढे केला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक पोस्ट पाहिली.

“ताई, तुम्ही चादर विकताय का चादरीचं पोट?”

पासपोर्ट फोटो बाजूलाच राहिला. एका जुन्या फ्रेमच्या पुठ्ठ्याला त्यांनी दोन खिडक्या पाडल्या, पोस्टसाठी चौकोनी आणि स्टेटससाठी उभी. मला घरून चादर आणायला लावली. दुकानदार गिऱ्हाइकापुढे ठेवतो तशी तिची घडी घातली. वर काठ, पुढे एक कोपरा, मधलं थोडं अंग. सगळं खिडकीत बसेपर्यंत हलवत राहिले. चारी बाजूंनी मोकळी जागा हवीच, ही त्यांची सक्ती. “मोबाईलनं कापायच्या आधी आपणच घडी घालायची,” ते म्हणाले. “बीच का तो सबका सरीखाच रहता, ताई. गिऱ्हाईक काठ बघतं.”

शिकवताना गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. एका दिवाळीला मी एकाच फोटोत चादर, पणत्या, शुभेच्छा, भाव आणि फोन नंबर कोंबला. हा फ्लेक्स कुठल्या चौकात लावायचाय आणि वाढदिवस कुणाचा, एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं. मी सगळं पुसलं. बारका फोटो ताणून मोठा केला तर म्हणायचे, “खींचने से चादर बड़ी होती क्या? परत काढा.” मी परत काढायची. हळूहळू पार्सलं परत येईनाशी झाली. आज घर चादरींवरच चालतं. नोकरीसाठी तो पासपोर्ट फोटो कधी लागलाच नाही.

त्यांचा फोटो काढू म्हटलं की मात्र उत्तर ठरलेलं. “मेरेकू नको. मैं कॅमेरे के पीछे का आदमी.”

तीच चौकोनी खिडकी आज प्रदर्शनातल्या फोटोवर फिरवून पाहिली. एकट्या सलीमभाईंना कापून घेतलं तर हात हवेत कशाला धरलाय ते कळत नाही. वर-खाली पांढरी पट्टी सोडून अख्खा फोटो बसतो, पण मग चेहरा शेंगदाण्याएवढा. पोस्ट बघणाऱ्याला तो ओळखू यायचा नाही. मी फोन ठेवून दिला.

१५ जून. सकाळी लाल काठाची हिरवी चादर घेऊन गेले, तेव्हा स्टुडिओतलं सामान टेम्पोत चढत होतं. शेजारच्या पानवाल्याच्या हातात मोबाईल दिला आणि सलीमभाईंना म्हटलं, आज तुम्ही मध्ये उभे राहा. ते नाही म्हणाले. मी वाद न घालता चादर त्यांच्या हातात ठेवली. हातांनी आपोआप घडी घातली, काठ वर घेतला, कोपरा पुढे काढला. मग त्यांनी मान वर करून पानवाल्याकडे पाहिलं.

“जरा पीछे सरक रे. चारों तरफ जगह छोड. मेरेकू काटू नको.”

फोटो चौकोनात नेमका बसला. तिथल्याच पायरीवर बसून मी तो पोस्ट केला आणि घरी आले. चादर परत घेतली नाही.