लेकीच्या शपथविधीआधीची चौकशी

तो फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. 'सरकारी कार्यालयातून बोलतेय,' असं एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, आणि माझी तव्यावरची पोळी करपली ती करपलीच!

आठवडाभर आमचं इथलं, परदेशातल्या क्वेकर्स हिल उपनगरातलं घर नुसतं हवेत होतं. आमची लेक सुप्रीम कोर्टाची जज होणार होती! इथे प्रत्येक राज्याचं सुप्रीम कोर्ट वेगळं, म्हणजे आपल्याकडचं हायकोर्ट समजा. पण हे मी ठाण्याच्या नातेवाइकांना मुळीच सांगितलं नाही. कशाला सांगू? नऊ वर्षांची असताना तिला इथे आणली, तेव्हा वर्गात पाणी प्यायला जाऊ का, हे इंग्रजीत विचारायचीही पोरीला भीती वाटायची. आता पेपरात तिचं नाव आलं होतं. पण शपथ व्हायची होती, आणि हातात पडेपर्यंत काही खरं नसतं, हे मला कोणी सांगायला नको.

बाई म्हणाल्या, शपथविधीच्या दिवशी सरकारतर्फे भाषण होतं, त्यासाठी घरच्यांकडून आठवणी हव्या आहेत. मी मनात म्हटलं, ओळखते हो मी असले बहाणे! आमच्याकडे लग्न ठरण्याआधी मुलाकडचे 'सहज इकडून चाललो होतो' म्हणत शेजाऱ्यांकडे चौकशी करून जातात. ही तीच चौकशी. आणि चौकशीत मुलीबद्दल काय सांगायचं, हे मुलीच्या आईला शिकवावं लागत नाही.

स्वभाव कसा आहे? एकदम शांत. लहानपणी हट्टी होती का? छे! वाद घालायची का? 'कधी उलट उत्तर म्हणून दिलं नाही हो तिने.' गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाली, ते मी गिळलं. स्वयंपाक फार छान करते, हेही ठोकून दिलं. तिच्या हातचा वरणभात ज्यांनी खाल्लाय, त्यांनी मला माफ करावं. समोर आमचे हे डोळे विस्फारून बघत होते. मी त्यांना हातानेच गप्प केलं.

मग बाईंनी विचारलं, 'मेडिसिन अर्धवट सोडून त्यांनी लॉ घेतलं, तेव्हा घरी काय वाटलं?'

'आम्ही पहिल्या दिवसापासून तिच्या पाठीशी होतो,' मी म्हटलं.

हे मात्र धडधडीत खोटं होतं. तेव्हा मी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. एकाच टेबलावर जेवायचो, पण मीठ हवं असलं तरी 'तिला द्यायला सांगा' असं ह्यांच्यामार्फत. डॉक्टर लेक, डॉक्टर लेक म्हणून मी आधीच गावभर सांगून बसले होते ना! पुढे झालं सगळं नीट, पण त्या दिवसांचा विषय ना कधी तिने काढला, ना मी.

शपथविधीला मी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसले. कोर्ट गच्च भरलेलं. वर लाल झगे आणि विग घातलेले जज ओळीने बसलेले, आणि त्यांच्यात आमचं ध्यान! तिने खणखणीत आवाजात शपथ घेतली आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मग सरकारतर्फे एक गृहस्थ भाषणाला उभे राहिले. कागदात बघून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, 'न्यायमूर्तींच्या मातोश्री खात्रीने सांगतात, की त्या उत्तम स्वयंपाक करतात आणि त्यांनी आयुष्यात कधी उलट उत्तर दिलेलं नाही.'

सगळं कोर्ट खो खो हसायला लागलं! इतकी वर्षं तिच्याशी कोर्टात भांडलेले वकील डोळे पुसत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, चौकशी नव्हतीच ती, खरंच भाषण होतं! नव्या जजची पहिल्या दिवशी चारचौघांत प्रेमाने थट्टा करायची, अशी इथली रीतच आहे. मीही हसायला लागले आणि हसता हसता एकदम थांबले. कागदावर पुढे काय असणार, ते मला माहीत होतं.

'आणि मेडिसिन सोडलं, तेव्हा आई-वडील पहिल्या दिवसापासून त्यांच्या पाठीशी होते.'

कोणी हसलं नाही. चार जणांनी कौतुकाने माझ्याकडे पाहून मान डोलावली. लेकीनेही थेट माझ्याकडेच पाहिलं. आता तिचं उत्तराचं भाषण होतं. तिच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या दिवशी, तिच्याच कोर्टात, मी खोटं बोलले होते. आता ही काय बोलते, ह्या धास्तीने मी ह्यांचा हात गच्च धरला.

स्वयंपाकाबद्दलची माझी जबानी तिने 'पुराव्याअभावी' फेटाळली. पुन्हा हशा.

'शेवटच्या मुद्द्याबाबत,' ती म्हणाली, 'दुसरी बाजू इथे हजर आहे. ती बाजू मी. माझी काहीही तक्रार नाही.'

लोकांना तोही विनोदच वाटला. मी मात्र पदर तोंडाला लावून रडत होते.

नंतर चहाच्या वेळी मी तिला एका बाजूला ओढलं. इतक्या वर्षांत जे म्हटलं नव्हतं, ते एका दमात म्हणून टाकलं. 'चुकलं गं माझं. चार महिने बोलले नाही मी तुझ्याशी.'

'सात,' ती म्हणाली, आणि त्या लाल झग्यासकट तिने मला घट्ट मिठी मारली.