कच्च्या विटेची सुरखी

ती कोठडी आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतल्या कित्येक आरोपींचे चेहरेही आता आठवत नाहीत. त्या मानाने हा गुन्हा किरकोळ, सरकारी सिमेंटच्या अपहाराचा. पण मनातून गेला नाही तो हाच.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी नवा फौजदार, नेमणूक डहाणू-तलासरी भागात. माझ्या हद्दीत, आडरस्त्याला एक लहान चौकी नुकतीच बांधून झाली होती. ऑफिसची एक खोली आणि तिला लागून कोठडी, एवढाच तिचा पसारा. तिथला कारभार, बांधकामावरच्या देखरेखीसकट, एका जुन्या हवालदाराकडे होता. पंचनामा कसा लिहावा, घाबरलेल्या साक्षीदाराला बोलतं कसं करावं, हे मला त्यानेच शिकवलं.

ते दारूबंदीचे दिवस. मोहाची दारू गाळताना सापडलेल्या एका वारली माणसाला हवालदाराने कोठडीत ठेवलं होतं. दुपारी मी कोर्टाचं काम आटोपून चौकीवर पोचलो तर तिथे गडबड. कोठडीच्या खिडकीचा गज निखळून खाली पडलेला आणि आरोपी कोपऱ्यात उजवा हात पोटाशी धरून बसलेला.

"पळायला बघत होता, साहेब," हवालदार म्हणाला. "गज उपटला. कोठडीतून पळण्याचा प्रयत्न म्हणून वेगळं कलम लावायला हवं."

मी आरोपीला विचारलं. तो हळूच म्हणाला, "टेकलो होतो. गज हातात आला. मीच शिपायाला हाक मारली."

पहाऱ्यावरच्या शिपायाने खाली बघत सांगितलं, "हाक मारली होती, साहेब."

पळणारा माणूस पहारेकऱ्याला हाक मारत नाही. मी गजाच्या भोकात बोट घातलं, तर आतला माल भुसभुशीत होऊन बोटाबरोबर बाहेर आला. तांबूस आणि ओलसर. आरोपीला मी डहाणूच्या दवाखान्यात पाठवलं. हाताचं हाड मोडलं होतं. ते कोणी मोडलं हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. चौकीत सगळ्यांना माहीत होतं.

त्याची बायको चौकीवर आली ती पायरीखालीच उभी राहिली. वर ये म्हटलं तरी येईना. मी खाली उतरलो, तेव्हा बोलली.

"भिंत कच्ची हाय, साहेब. तिची माती मीच कुटली."

चौकीच्या बांधकामावर ती मजुरीला होती. मुकादम तिला आणि आणखी दोघींना विटा कुटायला लावायचा. भुकटी चाळून सिमेंटमध्ये मिसळायची. तिला सुरखी म्हणतात, असं त्याने सांगितलं होतं.

"कसल्या विटा होत्या?"

"भट्टीच्या कडेच्या. नीट भाजल्या नव्हत्या. हातानं फुटायच्या." मग तिने तोंडाला पदर लावला. "मला काय ठावं, त्याच भिंतीपायी माझ्या माणसाचा हात मोडल म्हणून!"

गुन्ह्याची खबर मिळाली ती अशी. दोष सगळा आमचा होता आणि शरम तिला वाटत होती.

सिमेंटमध्ये दुसरं काही मिसळलं म्हणजे भेसळच, असा माझा समज. बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरला बोलावलं, तर तो म्हणाला, "तसं नाही, फौजदारसाहेब. सुरखी आम्हीही घालतो. वीट पक्की भाजलेली, पिठासारखी बारीक दळलेली आणि प्रमाणात असली, तर सिमेंटमधला मोकळा चुना तिच्याशी बांधला जातो. माल सावकाश घट्ट होतो, पण पाण्यात आणि खाऱ्या हवेतही टिकतो. कच्च्या विटेत तो गुण येत नाही. ती मातीच राहते. ती पाणी पिते, फुगते आणि सिमेंटलाही धरू देत नाही. त्यात सिमेंटच निम्मं काढून घेतलं असेल, तर गज निखळणारच."

नमुने त्याने प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर मी पंचांसमोर दोन बादल्या पाण्याने भरायला लावल्या. एकीत ऑफिसच्या भिंतीचा तुकडा टाकला, दुसरीत कोठडीच्या. थोड्या वेळाने ऑफिसचा तुकडा हातात घेतला, तर तो खणखणीत. दुसऱ्या बादलीत तळाशी लाल गाळ बसला होता.

एकाच छपराखाली दोन प्रकारचा माल कसा? मुकादमाला समोर बसवून मी एवढाच प्रश्न विचारला. आधी त्याने भट्टीवाल्यावर ढकललं, मग मजुरांवर. मी बादली त्याच्यापुढे सरकवली. गाळ पाहिल्यावर तो म्हणाला, "हवालदारसाहेब बोलले, ऑफिसला चांगला माल लाव, तिथे साहेबलोक बसणार. कोठडीत कशाला पाहिजे सिमेंट? आत येणारे ते वारलीच ना? दार उघडं ठेवलं तरी पळायचे नाहीत."

हवालदाराला आत बोलावलं. मुकादमाला पाहताच तो समजला. मी खुर्ची दाखवली, पण तो बसला नाही. कमरेचा पट्टा काढून त्याने टेबलावर ठेवला.

"सिमेंट कुठे गेलं, हवालदार?"

"परमिटाशिवाय सिमेंट नाही आणि परमिट मिळत नव्हतं, साहेब. घर अर्धवट पडलं होतं." मग म्हणाला, "तुम्ही आला होतात की वास्तुशांतीला."

आलो होतो. आशागडच्या त्या नव्या घरात मी मांडी घालून जेवलो होतो आणि जमीन काय गुळगुळीत केलीय म्हणून त्याच्या बायकोसमोर तारीफही केली होती. पुढच्या पंचनाम्यात तीच जमीन मला खणायला लावावी लागली. त्याची बायको दारात उभी होती.

प्रयोगशाळेचा अहवाल आमच्या म्हणण्यासारखाच आला. हवालदार बडतर्फ झाला, त्याला आणि मुकादमाला शिक्षा झाली. गज उपटल्याचा आरोप मी आधीच काढून टाकला होता. दारूच्या गुन्ह्यात त्या माणसाला जो दंड व्हायचा तो झाला.

राहिला होता मोडलेला हात. मारहाणीचा जबाब घ्यायला मी स्वतः पाड्यावर गेलो. तो झोपडीबाहेर बसला होता. हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, "हवालदारानेच मारलं ना? सांग, मी लिहून घेतो."

"पडलो मी, साहेब."

"आता तो नोकरीत नाही. घाबरू नकोस."

"तो गेला," तो म्हणाला. "दुसरा येल."

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. चौकीवर येऊन भिंतीबद्दल आपणहून बोललेली ती बाई आता जमिनीकडे बघत होती. पहाऱ्यावरच्या शिपायालाही मी पुन्हा विचारलं. त्याने काही पाहिलं नव्हतं.

या प्रकरणात मला शाबासकी मिळाली. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब लागला, भिंत पाडून पक्क्या मालाने पुन्हा बांधली. माणसाला वचक बसवणं म्हणजेच बंदोबस्त, असं मानणारे अधिकारी पुढे मला पुष्कळ भेटले. त्यांच्याशी वाद घालताना मी नेहमी त्या वारल्याचं 'दुसरा येल' हे उत्तर सांगत असे. काही हसायचे.

हवालदाराला सरकारने शिक्षा केली ती सिमेंट चोरल्याबद्दल. हात मोडल्याबद्दल कोणालाच झाली नाही. मारहाणीच्या जबाबाच्या कागदावर 'तक्रार नाही' असं लिहिलेलं आहे आणि खाली माझी सही आहे.